कार्यक्रम कोणता, तारीख कोणती

भाकऱ्या गरम असताना डब्यात भरू नका, त्यांना घाम येतो.

*

गुडघा दुखत असल्यास कृपया जिना उतरताना आधी दुखरा पाय खाली ठेवावा.

*

खांदेश्वरला, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत, एक निळा टॉवेल. वाळून पापडासारखा कडक झालाय. काढायचं कुणाच्या लक्षात नाही.

*

झुरळांचं औषध मारल्यावर ओट्यावर लगेच पोळ्या लाटू नका, ताई.

*

अंड्याशिवायचा केक हवा असेल तर आदल्या दिवशी सांगा ना, प्लीज!

*

मी रागावलो की गप्प बसतो.

*

टॉवेल सोडला तर ही सगळी वाक्यं एकाच मुलीने, एकाच दुपारी लिहिली. त्यातलं एकही तिचं स्वतःचं नव्हतं. टॉवेल मात्र तिचाच होता.

मनस्वी वाव्हळ घरबसल्या दुसऱ्यांचं ऑफिस सांभाळायची. व्हर्च्युअल असिस्टंट, असं या कामाचं नाव. आई शेजारणींना सांगायची, "मोबाईलवर काहीतरी करते, पण पगार खरा आहे." ज्यांचा धंदा लहान, ज्यांना टेबल-खुर्ची टाकून माणूस बसवणं झेपत नाही आणि ज्यांचे हात दिवसभर कशात ना कशात बरबटलेले असतात, अशांच्या फोनवर ती उत्तरं द्यायची, ऑर्डरी घ्यायची, तारखा लावायची. माणूस समजायचा, आपण धंद्याच्या मालकाशीच बोलतोय. तेच तर काम होतं.

प्रत्येकाचा आवाज वेगळा. खारघरच्या फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या वाक्यात 'कृपया' हवं. सीवूड्सच्या केकवाल्या अक्षताला प्रत्येक मेसेजच्या शेवटी गुलाबी हृदय हवं. पेस्ट कंट्रोलवाल्या सुभाषकाकांचं म्हणणं, गिऱ्हाइकाला 'ताई' म्हटलं की निम्मी झुरळं तिथेच मरतात. मनस्वी हे सगळे आवाज अंगावर चढवायची आणि उतरवायची, दिवसभर, पंख्याखाली, चार्जरच्या वायरला बांधल्यासारखी. संध्याकाळी आई विचारायची, "भाजी कुठली करू?" आणि मनस्वीच्या तोंडून निघायचं, "कळवते."

आई मग तिच्याकडे बघत राहायची. मनस्वी खिडकीबाहेर बघायची. टॉवेल दिसायचा. उठायचा कंटाळा यायचा.

*

विमलबाई भाकरी केंद्र.

हे वेगळं सांगायला हवं.

सीवूड्सच्या मॉलच्या मागे जुनं गाव आहे, तिथे विमलबाई मढवी राहायच्या. सासऱ्यांची भातशेती होती, पार खाडीपर्यंत. आता तिथे टॉवर उभा आहे आणि त्याच्या तळाला दातांचा दवाखाना. शेत गेलं, तांदळाची भाकरी राहिली. आगरी घरात हळद असली की भाकऱ्या लागतात त्या ढिगाने. पूर्वी अख्खी आळी मिळून थापायची. आता आळीतल्या सुना सकाळी नोकरीला जातात, मग हळदवाले विमलबाईंना सांगतात. विमलबाई आणि त्यांच्या चार जुन्या मैत्रिणी अंगणात चुली पेटवतात. पोचवायचं काम मुलाचं. मुलगा प्रीतम, एक टेम्पो, आणि फोन घ्यायला कधीच मोकळा नसलेला हात.

अक्षताच्या ओळखीने तो मनस्वीपर्यंत आला होता. तेव्हापासून केंद्राचा नंबर दोघांच्या फोनवर चालायचा, उत्तरं मात्र मनस्वीच द्यायची.

विमलबाई टाईप करत नसत. त्या आवाज पाठवायच्या. आधी भाकरी थापल्याचा आवाज यायचा, थप थप थप, मग त्या. "बाय, लिही. भाकरी देऊ आमी, पन गरम गरम भरू नका बोल. घाम येतो तिला." मनस्वी त्याचं नीट मराठी करून गिऱ्हाइकाला पाठवायची. पण 'घाम येतो' तसंच ठेवायची. त्याला पर्याय नव्हता.

पहिल्याच आठवड्यात विमलबाईंनी विचारलं होतं, "तू कोनाची गो?"

म्हणजे काय विचारलंय ते मनस्वीला कळलं. ते लहानपणापासून कळायचं. तिने सरळ सांगितलं, मी वाव्हळांची, आजोबांचं गाव जालन्याकडे, आम्ही बौद्ध. उत्तरादाखल आलेल्या आवाजात बराच वेळ नुसतं थप थप होतं. मग विमलबाई म्हणाल्या, "बरं. त्या दुकानवाल्याला लिही, तांदूल जुना पायजे."

तो विषय पुन्हा निघाला नाही. पण ते 'बरं' मनस्वीने कितीदा तरी परत लावून ऐकलं. त्यात राग नव्हता. दुसरं काय होतं ते मात्र हाती लागेना.

*

भेट झाली ती खारघरला. म्हणजे तिची झाली, त्याची नाही.

कॉलेजातल्या मोनालीची हळद होती. मांडव, डीजे, पिवळे झालेले सगळे. कुणीतरी मनस्वीच्याही गालांना हळद फासली होती आणि ती ताट घेऊन खुर्चीवर जरा टेकली होती, एवढ्यात फोन. प्रीतम सर.

"मनस्वी, खारघरची ऑर्डर पोचवली. त्यांना तेवढा मेसेज टाक."

फोनमधून डीजे वाजत होता. दुसऱ्या कानात, किंचित मागून, तोच डीजे वाजत होता.

तिने फोन कानापासून दूर केला. परत लावला.

"सर… तुम्ही कुठे आहात?"

"अगं, मांडवातच. काय ऐकू नाय येत."

टोपांच्या रांगेपलीकडे तिला तो दिसला. उंच, काटकुळा, शर्टाच्या बाह्यांना पीठ लागलेलं. फोन खांदा आणि कान यांच्यात दाबलेला, दोन्ही हातांनी शेवटची टोपली खाली ठेवत होता. ठेवली. मग भाकऱ्यांवरचं फडकं त्याने नीट केलं. एक कोपरा उडाला, तो पुन्हा खोचला. निघाला, आणि परत फिरून पुन्हा एकदा खोचला. शेजारून जाणाऱ्या एका म्हातारीने चालता चालता त्याच्या नाकाला हळद लावली. तो हसला. ते हसू मनस्वीला दोनदा ऐकू आलं, एकदा फोनमधून, एकदा वाऱ्यातून.

"मनस्वी? आहेस ना?"

"आहे…"

"जेवलीस का?"

"जेवतेय."

"काय?"

तिने ताटाकडे पाहिलं. "भाकरी."

"कसली?"

"तांदळाची."

"कोनाकडची? बरी आहे का?"

"बरी आहे."

"नुसती बरी? मग ती आपली नाय," तो म्हणाला आणि टेम्पोकडे गेला.

ओळख द्यायला फक्त मांडव ओलांडायचा होता. पण दिवसभर चौघांच्या तोंडून बोलून झाल्यावर स्वतःच्या तोंडून सुरुवात कुठून करायची, हे तिला आठवेना. तिने हळदीच्या बोटांनी मेसेज टाईप केला. आपली ऑर्डर पोहोचली आहे, कार्यक्रमास शुभेच्छा. चार खुर्च्या पलीकडे मोनालीच्या बाबांच्या खिशात फोन वाजला.

*

त्यानंतर तो फोन करायचा तेव्हा त्याला नाक होतं, बाह्या होत्या, नाकावर थोडी हळद होती. तिला हे असणं आवडायचं आणि आवडतंय हे कळून अधिकच दमल्यासारखं व्हायचं.

तो दर फोनला विचारायचा, जेवलीस का. अक्षताही विचारायची, पण तिला उत्तर नको असायचं. प्रीतम थांबायचा. तिने 'हो' म्हटलं तर काय जेवलीस, 'नाही' म्हटलं तर का नाही. एकदा तिने खोटंच सांगितलं, वरणभात. तो म्हणाला, वरणभात खाल्लेलं माणूस असं बोलत नाही, तू उपाशी आहेस. एकदा तिचा आवाज बसला होता, तर पाठोपाठ विमलबाईंचा आवाज आला, "हलद घालून दूध पी, बाय. पोराने सांगितलं."

मनस्वी काय बोलली, कशी बोलली, हे त्या घरात सांगितलं जातं. तिने हे मनात ठेवून दिलं. दमलेल्या दिवशी काढून बघायला.

*

मग बायोडाटा आला.

भाकरी केंद्राच्या नंबरवर एका दुपारी मेसेज पडला. 'नमस्कार, मी स्नेहल घरत, उरण. घरच्यांनी हा नंबर दिलाय. बोलायचं होतं.'

नव्या माणसाला आपोआप जाणारं उत्तर मनस्वीनेच कधीतरी लिहून ठेवलं होतं. ते गेलं.

'नमस्कार! विमलबाई भाकरी केंद्रात आपलं स्वागत. कार्यक्रम कोणता, तारीख कोणती, माणसं किती?'

उत्तर लगेच आलं.

'कार्यक्रम लग्न. तारीख नाही. माणूस एकच, तोही अजून बघितलेला नाही.'

आणि खाली फोटो. गणपती, खाली नाव, उंची, रास. इस्त्रीच्या शर्टातला प्रीतम, दुसऱ्याच कुणासारखा ताठ. संपर्कासाठी नंबर भाकरी केंद्राचा. म्हणजे मनस्वी सांभाळायची तोच.

तिने फोटो मोठा करून पाहिला. मग तिने प्रीतमला फोन लावला आणि जे आलं ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. एखादी तक्रार वाचावी तसं.

"हे दिपेशचं काम," प्रीतम म्हणाला. दिपेश त्याचा चुलत भाऊ, झेरॉक्सचं दुकान चालवायचा. "जो नंबर समोर दिसला तो टाकला असेल डोळे मिटून."

"मी काय उत्तर देऊ?"

टेम्पोच्या इंजिनाचा आवाज. कुणीतरी मागून हॉर्न देत होतं.

"तूच बोल ना."

"सर, हे भाकरीचं नाही."

"माहीत आहे. पन माझ्या नावाने सगळ्यांशी तूच बोलतेस. मला नाय जमत. आईने मोठ्या मुश्किलीने स्थळ आणलंय, लगेच नाय म्हटलं तर ती दुखावेल. आणि हो म्हटलं तर…"

"हो म्हटलं तर काय?"

हॉर्न थांबला.

"काय नाय. जेवलीस का?"

"नाही," मनस्वी म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिने स्वतः फोन ठेवला.

*

कामाचा एक नियम होता. मालकाचा आवाज काढायचा, त्यात आपला मिसळायचा नाही. मनस्वीने आजवर तो पाळला होता.

फोनवर गिऱ्हाइकांना रंगीत लेबलं लावायची सोय असते. नवीन, जुने, तक्रार. स्नेहलला कुठलंच बसेना. शेवटी तिने 'तक्रार' लावलं.

स्नेहल पनवेलच्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची. तसं तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, घाबरायचं असेल तर आत्ताच घाबरा म्हणाली. मोकळी होती, विनोदी होती. मनस्वीला ती आवडली, आणि ते सगळ्यात वाईट होतं. तिचे प्रश्न साधे असायचे. खोटं बोलून चालणार नव्हतं, कारण उद्या हीच मुलगी त्या अंगणात राहायला येणार. मग मनस्वी खरं लिहायची. जेवढं तिला माहीत होतं तेवढं. आणि लिहिताना तिच्या लक्षात आलं की तिला बरंच माहीत आहे.

'मी रागावलो की गप्प बसतो. मग थोड्या वेळाने ज्याच्यावर रागावलो त्यालाच फोन करून विचारतो, जेवलास का.'

'मला नकार देता येत नाही. म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात देतो.'

'भाकऱ्यांवरचं फडकं मी पुन्हा पुन्हा नीट करतो. तेव्हा मला वाटतं, कोणी बघत नाही.'

*

न पाठवलेले:

तो चांगला आहे. — पुसलं.

मी चांगला आहे. — पुसलं. हसू आलं. मग नाही आलं.

तुम्ही त्याला भेटाल तेव्हा त्याच्या बाह्या बघा… — पुसलं.

स्नेहलताई, तुम्ही नको म्हणा. — हे पुसायला वेळ लागला. पुसण्याएवढंही बळ नव्हतं अंगात.

*

फडक्याच्या मेसेजनंतर स्नेहल दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, तिने लिहिलं.

'एक विचारू? कोण बघतं मग?'

'म्हणजे?'

'कोणी बघत नाही असं तुम्हाला वाटतं. म्हणजे कोणीतरी बघतं, आणि ते तुम्हाला माहीत आहे. आणि ज्याला ते माहीत आहे त्याला 'कोणी बघत नाही' असं वाटणार नाही. आणि कुठलाच मुलगा स्वतःबद्दल एवढं नीट सांगत नाही. मी दिवसभर लोकांच्या शिरा शोधते. पटकन सापडतात मला. तुम्ही कोण आहात?'

मनस्वी टाईप करत राहिली. थांबली. पुन्हा टाईप करत राहिली. पलीकडे स्नेहलला ते दिसत असणार. फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे कुणाची तरी मान आखडली होती, अक्षताकडे कुणाला तरी निळा केक हवा होता. ते सगळं वाजत राहिलं.

'मी त्यांच्या ऑफिसचं काम बघते. माझं चुकलं. माफ करा.'

'पगारात हेही येतं?'

'नाही.'

'मग हे कशातून आलं?'

याला उत्तर होतं, पण ते मालकाच्या आवाजात देण्यासारखं नव्हतं, आणि स्वतःच्या आवाजात लिहायची तिला सवय नव्हती.

'त्यांना माहीत आहे का?' स्नेहलने विचारलं. मग स्वतःच लिहिलं, 'जाऊ दे. मी बघते काय करायचं ते. तसंही भाकऱ्यांच्या घरात पहाटे उठावं लागत असेल, माझ्याने नाही व्हायचं. आणि हो, तुम्ही जेवून घ्या. वेळ बघा काय झालीय.'

मनस्वीने फोन उलटा ठेवला. लेबल काढून टाकलं. आणि ठरवलं की आता हे काम सोडायचं. ज्याच्या नावाने बोलायचं तोच माणूस आपल्याला हवा असेल, तर त्याच्या नावाने बोलता येत नाही. उद्या स्नेहल नसेल तर दुसरी कुणी येईल. विचारेल, रागावता का. त्या वेळी काय लिहायचं?

पण हे मेसेजवर कळवायचं नाही. एवढं एक तरी तोंडाने सांगायचं.

*

सीवूड्सच्या स्टेशनवरून रिक्षा मॉलला वळसा घालून गावात शिरली. दुपार होती, आभाळ उगीचच भरून आलेलं, न पडणारं. दातांच्या दवाखान्याशी मनस्वी उतरली. पत्ता विचारावा लागला नाही. आवाज येत होता. थप थप थप. वर्षभर फोनमधून ऐकलेला आवाज, आता मधल्या खरखरीशिवाय. तिला एकदम रडू आलं आणि ते तिने गिळलं, कारण रडायलाही ताकद लागते.

अंगणात चुली पेटल्या होत्या. बायका भाकऱ्या थापत होत्या. एक जाडसर बाई पाठमोरी तव्यापाशी बसली होती, तिने मान न वळवताच हाताने खुर्ची दाखवली. मनस्वी बसली. फडक्याखालून वाफ येत होती. कुठेतरी कोलीम, ती बारीक सुकी कोळंबी, तळल्याचा वास होता.

आतून प्रीतम आला. हातात टोपली, डोळे टोपलीत.

"नमस्कार. बसा," तो म्हणाला, आणि तिनेच लिहिलेलं तिलाच विचारलं, "कार्यक्रम कोनता, तारीख कोनती?"

"कार्यक्रम…" मनस्वी म्हणाली. "अजून ठरला नाही."

त्याने वर पाहिलं.

टोपली त्याच्या हातात तशीच राहिली. चुलीपाशी कुणीतरी काहीतरी विचारलं, ते त्याला ऐकू आलं नाही.

"परत बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"काहीपन."

"सर, मी मनस्वी."

त्याने टोपली खाली ठेवली. फडकं नीट केलं. मग पुन्हा नीट केलं, आणि आपण काय करतोय हे लक्षात येऊन हात मागे घेतला.

"मला वाटलं तू उंच असशील," तो म्हणाला. "आवाजावरून."

"तुम्ही आहात तसेच वाटला होतात. म्हणजे… मी बघितलंय तुम्हाला. मोनालीच्या हळदीत. तुम्ही फोनवर होतात. मीच होते पलीकडे."

तो आठवत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी पसरलं.

"म्हणजे तू खात होतीस ती आपलीच भाकरी?"

"आपलीच."

"आणि नुसती बरी?"

तिला हसू आलं. किती दिवसांनी, देव जाणे. मग तिने हसू आवरलं आणि जे सांगायला आली होती ते सांगितलं, की ती काम सोडतेय, नव्या माणसाला सगळं नीट समजावून देईल, गिऱ्हाइकांचा खोळंबा होणार नाही. हे सगळं तिने मान खाली घालून, फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या आवाजात सांगितलं. 'कृपया'सुद्धा आलं त्यात.

प्रीतम ऐकून घेत होता. गप्प. रागावला होता बहुतेक.

"स्नेहलचा फोन आलेला," तो शेवटी म्हणाला. "माझा नंबर कुठूनतरी काढला तिने. तुमचं-आमचं जमणार नाय म्हणाली. आणि म्हणाली, तुमच्याच फोनवर तुमच्याबद्दल काय लिहून ठेवलंय ते एकदा वाचा."

मनस्वीचे कान तापले. "वाचलंत?"

"नाय."

"का?"

"जिने लिहिलं तिच्याकडून ऐकेन म्हटलं." तो थांबला. "वर्षभर माझं सगळं तुझ्याकडून लिहून घेतलं. हे एक तरी ऐकू दे."

थप थप चालू होती. जरा हळू झाल्यासारखी वाटली.

मनस्वीने तोंड उघडलं. कुणाचा आवाज लावायचा, असं सवयीने शोधलं. कुठलाच मिळाला नाही.

"तू रागावलास की गप्प बसतोस," ती म्हणाली. "मग त्यालाच फोन करून विचारतोस, जेवलास का. तुला नाही म्हणता येत नाही, म्हणून फोन दुसऱ्याच्या हातात देतोस. तो दुसऱ्याचा हात… माझा असतो. तू फडकं सारखं नीट करतोस. तुला वाटतं, कोणी बघत नाही."

"आणि?"

"आणि एवढंच लिहिलं होतं."

"न लिहिलेलं?"

"मी दमलेय, प्रीतम. सगळ्यांचं बोलून बोलून. संध्याकाळी आईशी बोलायला माझ्याकडे काही उरत नाही. पण तुझा फोन वाजतो ना… तेव्हा उरतं. कुठून उरतं माहीत नाही."

तो दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला, जसं पुढे काय करायचं ते कुणी लिहून दिलं नव्हतं.

"मला बोलता नाय येत, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "आता तू असतीस तर तुझ्याकडूनच लिहून घेतलं असतं…"

"मी आहे इथे."

"तोच तर लोचा आहे."

यावर दोघंही हसले. मग तो बोलला. तुटक तुटक, मध्येच पिठाच्या हातांनी कपाळ पुसत. म्हणाला, दिवसभर मी तुला फोन करतो तो ऑर्डरसाठी नाय. ऑर्डर सगळ्या तू आधीच नीट लावलेल्या असतात, मी उगीच विचारतो. जेवलीस का विचारलं की तू जरा थांबतेस, खरं सांगू की खोटं असं. ते थांबनं मला ऐकायचं असतं. स्नेहलशी तूच बोल म्हटलं, त्या दिवशी मला वाटलेलं तू भांडशील. म्हनशील, मी नाय बोलनार. तू भांडली नाहीस, तर मला वाटलं, तुला काय फरक नाय पडत.

"पडत होता," मनस्वी म्हणाली.

"मग भांडायचं ना."

"तुझ्याच आवाजात तुझ्याशी कसं भांडू?"

त्याने हातांचं पीठ झटकलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या घरी मी येतो. मी बोलतो. तू काय लिहून देऊ नकोस. अडकलो तर अडकलो."

"आणि इथे?" तिने चुलीकडे पाहिलं. "तुझ्या आईला मी कोण ते माहीत आहे. पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं त्यांनी."

"काय म्हणाली?"

"'बरं' म्हणाल्या."

प्रीतमने पाठमोऱ्या बाईकडे बघितलं. "आई 'बरं' फार कमी वेळा बोलते," तो म्हणाला. "वाईट वाटलं तर बोलते सरळ. अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं."

त्याच्या खिशात फोन वाजला. मनस्वीच्या पर्समध्येही वाजला, एकाच वेळी, कारण तो एकच नंबर होता. कुणाच्या तरी घरी हळद ठरली असणार. दोघांनीही घेतला नाही. वाजून वाजून थांबला. मग आपोआपचं उत्तर गेलं असेल, कार्यक्रम कोणता, तारीख कोणती.

तव्यापासची बाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. मान अजूनही वळली नव्हती, पण आवाज तोच होता, वर्षभर कानात राहिलेला.

"प्रीतम, पोरगी खांदेश्वरवरनं आलीय. जेवली का विचार तिला. का उपाशीच बोलत ठेवनार हायस?"

मनस्वीने आपण खांदेश्वरला राहतो हे या घरात आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

प्रीतमने ताट आणलं. भाकरी, कोलीम, कांदा. ती अंगणातल्याच पायरीवर बसली आणि तो खालच्या पायरीवर, तिच्याकडे न बघता, टोपल्यांकडे बघत. फडक्यांना हात लावला नाही त्याने. तिने घास घेतला. भाकरी गरम होती, ओलसर, बोटांना चटका देणारी. आभाळ तसंच भरलेलं, न पडणारं. मनस्वी सावकाश जेवत राहिली. खूप दिवसांनी तिला कुठे जायची घाई नव्हती, कुणाला काही कळवायचं नव्हतं.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

"बरी आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खाली बघून हसत होती.

*

दिपेशच्या झेरॉक्सच्या दुकानात बायोडाटा टाईप करून घेताना भाकरी केंद्राचा नंबर विमलबाईंनीच तोंडी सांगितला होता. प्रीतमचा स्वतःचा नंबरही त्यांना पाठ होता.